तीन पेट्या आणि एक खांब

"टपालपेट्यांचा खांब पुन्हा उभा करायला फार तर दोन तास लागतील," असं क्वाम सर म्हणाले, तेव्हा आर्डिसने विणकामाच्या सुया थांबवल्या आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. न्हाणीघरातली साबणाची फळी बसवायलाही दोनच तास लागणार होते. त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि साबण अजूनही तिच्यावरून घसरून टबात पडतो. पण तिने सुया पुन्हा हलवायला घेतल्या. बेचाळीस वर्षं गणिताच्या मास्तराशी संसार केल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे नुसत्या सुया हलवायच्या, हे बाईला कळायला लागतं.

घडलं होतं ते इतकंच. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावाच्या कडेला, जिथे घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात, तिथे एक गल्ली आहे आणि गल्लीत तीन घरं आहेत. एक क्वाम सरांचं, एक व्हर्जिल नोवोत्नीचं आणि एक बर्निसबाईंचं. तिघांच्या टपालपेट्या गल्लीच्या तोंडाशी एकाच खांबावर, एकाच आडव्या फळीवर होत्या. ऑक्टोबरअखेर, हॅलोविनच्या सणाला लोकांनी दारात मांडलेले भोपळे उचलायच्या आतच बर्फ पडला. बर्फ लोटणारी गाडी हंगामाची पहिली फेरी म्हणून जरा जास्तच उत्साहात आली, आणि खांब, फळी, तिन्ही पेट्या सगळं रस्त्याकडेच्या चरात लोटून पुढे निघून गेली.

मग टपाल खात्याचं पत्र आलं. म्हणजे आलं नाही. 'तुमच्या पेट्या जागेवर नसल्याने टपाल देता येत नाही' हे कळवणारं पत्र खात्याने टपालाने पाठवलं होतं, त्यामुळे ते कोणालाच मिळालं नाही. आठवड्याने सर नऊ मैलांवरच्या टपाल कचेरीत चौकशीला गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी ते त्यांच्या हातात ठेवलं आणि "फार उशीर केलात," असंही वर सुनावलं. पत्रात लिहिलं होतं की तिन्ही पेट्या रस्त्याच्या एकाच बाजूला, एकाच खांबावर, जमिनीपासून एकेचाळीस ते पंचेचाळीस इंचांवर उभ्या राहीपर्यंत टपाल कचेरीतूनच न्यावं लागेल.

सर स्वतः जाऊन आणतील, व्हर्जिलही आणील. प्रश्न बर्निसबाईंचा होता. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त परिचारिका आणि एकट्या. नजर अधू झाल्यापासून गाडी सोडलेली, आणि हृदयाच्या गोळ्या येतात टपालाने. सध्या सर त्यांचं टपाल आणून देत होते. पण चार डिसेंबरला सरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि पुढे महिनाभर गाडीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आर्डिस बर्फात गाडी चालवत नाही, चालवणारही नाही. तोवर जमीन गोठून दगड झाली की एप्रिलपर्यंत तिच्यात सुईसुद्धा शिरत नाही. तेव्हा खड्डा खणायचा तो नोव्हेंबरातच, नाहीतर बर्निसबाईंच्या गोळ्यांचं काही खरं नव्हतं.

"व्हर्जिल नेईल की तिला," असं कुणीही म्हणेल. तीस वर्षं नेतच होता. त्याची बायको मार्लिस आणि बर्निसबाई जिवलग मैत्रिणी. मार्लिस गेल्यावरही दर शुक्रवारी तळलेल्या मासळीच्या जेवणाला व्हर्जिल बर्निसबाईंना घेऊन जायचा आणि परतताना किराणा-बिराणा सगळं करून आणायचा. मग निवडणूक आली. व्हर्जिलने अंगणात आपल्या पक्षाची लाल पाटी रोवली, बर्निसबाईंनी त्यांच्या पक्षाची निळी. एका सकाळी निळी पाटी चरात पालथी सापडली. बर्निसबाई म्हणाल्या, हे व्हर्जिलचं काम. व्हर्जिल म्हणाला, हे वाऱ्याचं काम. बर्निसबाई म्हणाल्या, वाऱ्याने फक्त माझीच पाटी बरी ओळखली! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

क्वाम सरांनी अंगणात एकही पाटी लावली नव्हती. या शहाणपणाचं फळ असं की व्हर्जिल त्यांना बर्निसबाईंच्या पक्षाचे समजे आणि बर्निसबाई व्हर्जिलच्या. "पाटी नाही म्हणजे काय, लाज वाटते बिचाऱ्याला," असं दोघंही म्हणत. या देशात आता एवढ्या एकाच मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत उरलं आहे, असं सर आर्डिसला म्हणाले. आर्डिस म्हणाली, "आधी खड्डा खण."

सर पहिल्यांदा व्हर्जिलकडे गेले. व्हर्जिल चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला. जगात सिमेंटने सुटणार नाही असा प्रश्न नाही, असं त्याचं ठाम मत.

"लोखंडी पाइप घाल," तो म्हणाला. "चार फूट खाली आणि भोवती सिमेंट. पुन्हा ती बर्फाची गाडी आली ना, तर खांबाला काही होणार नाही. गाडीचे दोन तुकडे!"

"व्हर्जिल, गाडीचे दोन तुकडे करायचेत का आपल्याला?"

"मी फक्त सांगतोय. आणि एक. माझी पेटी तिच्या पेटीला चिकटून नको. सांग तिला."

"फळी एकच आहे रे."

"मग मधे तू राहा."

बर्निसबाईंनी सरांना कॉफी दिली, केक दिला आणि नियमांचा छापील कागद दिला. तो त्यांनी भाच्याकरवी मागवून घेतला होता आणि त्यावर खुणा करून ठेवल्या होत्या. "लाकडाचाच खांब हवा. सिमेंट बिलकुल नको," त्या म्हणाल्या. "पाइप आणि सिमेंट कोणी सुचवलं ते मला सांगूच नकोस, मला माहितेय. आणि त्याच्या पेटीच्या बाजूला माझी पेटी नको. त्याला सांग."

"मधे मी राहणार आहे," सर म्हणाले.

"तू राहा. तू तसाही मधेच असतोस."

हे वाक्य सरांना फार लागलं. घरी परतताना त्यांनी मनातल्या मनात त्यावर तीन उत्तरं तयार केली, आणि तिन्ही उत्तम होती.

पुढची पायरी म्हणजे गावाच्या कचेरीची परवानगी. तिथे टेबलामागे कर्ट बसला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी आठवीत सरांनी ज्याला अपूर्णांकात नापास केलं, तोच हा कर्ट. आता त्याला टक्कल पडलं होतं आणि त्याच्या हातात रबरी शिक्का होता. त्याने सरांचा अर्ज वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. इतक्या सावकाश त्याने शाळेत कधी काही वाचलं असतं तर पास झाला असता.

"सर, रस्त्याच्या कडेपासून पेटीच्या दारापर्यंतचं अंतर तुम्ही सात इंच लिहिलंय."

"बरोबर आहे ते."

"हो, पण कसं आलं ते दाखवलं नाहीत. पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण नाहीत, असं तुम्हीच म्हणायचात." आणि त्याने अर्ज परत केला.

सरांनी पायऱ्या दाखवल्या, आकृती काढली, तिला नाव दिलं. चार दिवसांनी अर्ज पुन्हा परत. आता अडचण खांबाची होती. शेवटी व्हर्जिलचंच ऐकून सरांनी लोखंडी पाइप लिहिला होता. कर्ट म्हणाला, "सर, असं नाही चालत. उद्या कोणाची गाडी घसरून आपटली, तर माणूस मरेल. धडक बसली की खांब मोडून पडला पाहिजे, असा नियम आहे."

"म्हणजे पडला म्हणून तुम्ही टपाल बंद करणार, आणि पडणार नाही असा उभा केला तर परवानगी देणार नाही?"

"टपाल बंद करणारे आम्ही नाही, सर. ते वेगळं खातं."

सरांनी आयुष्यभर पोरांना सांगितलं होतं की प्रत्येक गणिताला उत्तर असतं. कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांना पहिल्यांदा त्या पोरांबद्दल वाईट वाटलं.

परवानगी मिळाली ती लाकडी खांबाची. 'पाहिलंस?' असा चेहरा बर्निसबाईंनी करून दाखवला, आणि तो दाखवायला त्या मुद्दाम फाटकापर्यंत चालत आल्या होत्या. आता फक्त खणण्याआधीचा फोन उरला होता. जमिनीत काही खुपसायचं तर आधी फोन करायचा, म्हणजे माणूस येऊन खालच्या तारा आणि नळ कुठून जातात त्याच्या खुणा करून जातो. माणूस गुरुवारी आला आणि अर्ध्या तासात जमिनीवर रंगाचे ठिपके मारून, त्यांवर छोट्या छोट्या झेंड्यांच्या रांगा रोवून निघून गेला. विजेच्या तारेवर लाल, पाण्याच्या नळावर निळे, टीव्ही आणि इंटरनेटच्या तारेवर नारिंगी. हे रंग सगळ्या देशभर ठरलेले आहेत.

पण लाल म्हणजे कोण आणि निळा म्हणजे कोण, हेही देशभर ठरलेलं आहे. आणि दैवाची करणी अशी की विजेची तार बर्निसबाईंच्या कुंपणालगत जाते आणि पाण्याचा नळ व्हर्जिलच्या. बर्निसबाईंनी सकाळी पडदा सरकवला, तर त्यांच्या हिरवळीच्या काठाने चौदा लाल झेंडे फडफडत होते. समोर व्हर्जिल हातात कॉफीचा मग घेऊन अकरा निळ्या झेंड्यांकडे पाहत उभा होता. सर तेव्हा शहरात डोळे तपासून घ्यायला गेले होते. ते परतले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एकही झेंडा जागेवर नव्हता. लाल सगळे व्हर्जिलच्या कुंपणात खोचलेले होते आणि निळे सगळे बर्निसबाईंच्या गुलाबाच्या वाफ्यात. नारिंगी झेंड्यांची मोळी चरात पडली होती. ते कुठल्या पक्षाचे याचा उलगडा दोघांनाही झाला नव्हता, म्हणून खबरदारी म्हणून तेही उपटले होते.

"पुन्हा फोन कर," आर्डिस म्हणाली.

"पुन्हा तीन दिवस थांबायचं? मग वादळ येतंय, मग जमीन गोठली. माझ्या लक्षात आहेत सगळ्या रांगा."

"लेलंड." आर्डिस सरांना नावाने हाक मारते ती अशाच वेळी.

"मी चौतीस वर्षं भूमिती शिकवली आहे, आर्डिस!"

आर्डिसच्या सुया पुन्हा सुरू झाल्या. सरांनी बर्फाखालून डोकावणाऱ्या रंगाच्या ठिपक्यांचा अंदाज घेतला, डोळे बारीक करून कोन मोजले आणि छत्तीसच्या छत्तीस झेंडे आठवणीने पुन्हा रोवले. ज्या डोळ्यांनी हे केलं त्यांचं तेरा दिवसांनी ऑपरेशन होतं, ही बाब त्यांना त्या क्षणी महत्त्वाची वाटली नाही.

रविवारी दुपारी बारा वाजता त्यांनी पहार उचलली. रविवारी दुपारी बारा हे बाहेरच्या माणसाला साधं वाटेल. त्या राज्यात नोव्हेंबरातल्या रविवारी बाराला राज्याच्या फुटबॉल संघाचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, सामना सुरू होतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. चर्चमधले पाद्रीदेखील अकरा चाळीसला प्रवचन आवरतं घेतात. सरांना फुटबॉलचं विशेष प्रेम नव्हतं. मधे मधे करायला कोणी येणार नाही, म्हणूनच त्यांनी ही वेळ निवडली होती.

पहिला घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्या घावाला पहार जराशी अडली आणि मग ओला दोर तुटावा तशी आत गेली. सरांनी वाकून पाहिलं. मातीत एक काळी तार दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडे बघत होती.

पाच सेकंद गेले. मग व्हर्जिलच्या घरातून एक आवाज आला, तो मी इथे लिहू शकत नाही. मग बर्निसबाईंच्या घरातून तोच आवाज आला, शब्दही तोच. मग टेकडीवरच्या घरांची दारं एकामागून एक उघडायला लागली. ती टीव्हीची तार एकट्या गल्लीची नव्हती, पार टेकडीपर्यंतच्या एकवीस घरांची होती.

दहा मिनिटांत खड्ड्याभोवती तीसेक माणसं जमली. त्यांतले निम्मे लाल होते, निम्मे निळे, आणि एरवी ते किराणा दुकानातही एका रांगेत उभे राहत नसत. आता ते खांद्याला खांदा लावून खड्ड्यात पाहत होते.

"गणिताचे मास्तर ना हे?" कुणीतरी म्हणालं.

"माझ्या पोराला यांनीच नापास केलं होतं."

"माझ्यासुद्धा!"

"झेंडे लावलेत, तरी तारेवरच खणलंय बघा. नेमकं वरच!"

सर म्हणाले, "हे झेंडे मूळ जागी नव्हते. कोणीतरी उपटले होते." असं म्हणून त्यांनी व्हर्जिलकडे पाहिलं. व्हर्जिलने आभाळाकडे पाहिलं. बर्निसबाईंनी बुटांवरचा बर्फ झटकला. दुरुस्तीवाले सोमवारशिवाय येणार नव्हते. मग कुणीतरी रेडिओची आठवण काढली, आणि बॅटरीवर चालणारा जुना मोठा रेडिओ अख्ख्या टेकडीवर फक्त व्हर्जिलच्या गॅरेजात होता.

सगळे तिकडे गेले. कुणी राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं आणलं, कुणी दुमडत्या खुर्च्या. आर्डिस विणकाम घेऊन आली. सरांना उलट्या ठेवलेल्या बादलीवर जागा मिळाली, कारण खुर्चीवर त्यांचा हक्क आहे असं तिथे कोणालाच वाटत नव्हतं. बर्निसबाई मात्र गॅरेजच्या उघड्या दाराबाहेर बर्फात उभ्या राहिल्या.

"मी इथूनच ऐकते," त्या कुणालाही न उद्देशून म्हणाल्या.

व्हर्जिल रेडिओची कळ फिरवत होता. त्याने मान वर केली नाही. "तिथून नीट ऐकू येत नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि थंडी आत येतेय."

बर्निसबाई आत आल्या. रेडिओ मार्लिसचा होता. त्याच्या तुटलेल्या कळीवर तिने लावलेलं शर्टाचं बटण अजून होतं. बर्निसबाईंनी ते पाहिलं आणि त्या रेडिओजवळच्या खुर्चीत बसल्या.

सामन्याच्या तिसऱ्या पाव भागात आपल्या माणसाच्या हातात आलेला चेंडू सुटला. व्हर्जिल आणि बर्निसबाई एकाच वेळी ओरडले, "त्या प्रशिक्षकाला आधी घरी बसवा!" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही चटकन दुसरीकडे पाहू लागले. पण राग तोंडावर आला होता, तो कुठेतरी काढायलाच हवा होता. अर्थात तो निघाला क्वाम सरांवर.

"आधी विचारून खणायचं ना, शहाण्या!" व्हर्जिल म्हणाला.

"विचारूनच खणत होतो! महिनाभर तुम्हा दोघांना विचारतोय! त्याला सांग, तिला सांग, माझी पेटी इथे नको, तिथे नको! कर्टने मला पायऱ्या दाखवायला लावल्या! झेंडे तुम्ही उपटलेत आणि शिव्या मी खातोय!" सर बादलीवरून उठले होते आणि त्यांचा आवाज चिरकला होता. "वार्षिक परीक्षेच्या पेपरांसाठीसुद्धा मी एवढा घसा फोडला नव्हता! मला काय हौस आहे खांबाची? मंगळवारी तिच्या गोळ्या संपतायत, त्या एक वेळ मी आणीन. चार तारखेला माझा डोळा कापणार. मग आणणार कोण?"

कुणीतरी रेडिओचा आवाज कमी केला.

"मंगळवारी?" व्हर्जिलने विचारलं. त्याने हातातली वाटी खाली ठेवली. "हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस?" बर्निसबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

व्हर्जिलचे कान लाल झाले. तो सरांकडे वळला. बर्निसबाई त्याच्यापासून तीन फुटांवर होत्या. "सांग तिला, उद्या नऊला गाडी काढतो."

"बर्निस, तो उद्या नऊला गाडी काढतोय," सर थकून म्हणाले.

"सांग त्याला, साडेआठला. नऊनंतर टपालाच्या खिडकीशी गर्दी असते."

"व्हर्जिल, साडेआठला."

"सांग तिला, बरं."

"ते ऐकू आलं तिला!" सर ओरडले, आणि अख्खं गॅरेज हसलं. सरांचा अपमान झाला, पण तो आता त्यांना सवयीचा झाला होता. आपला संघ सामना हरला, त्यामुळे निघताना सगळे एकदिलाने खिन्न होते.

खांब पुढच्या शनिवारी उभा राहिला. खड्डा व्हर्जिलने खणला, नवे झेंडे लागल्यावर. मोजमाप बर्निसबाईंनी कागद हातात धरून केलं. सरांना फळीचं एक टोक धरायला दिलं होतं, तेही "हलू नकोस" असं तीनदा बजावून. पेट्या लावताना व्हर्जिलने बर्निसबाईंची पेटी त्यांच्या दाराच्या बाजूच्या टोकाला लावली. स्वतःची त्याने तिच्या शेजारी लावली. सरांची पेटी पार पलीकडच्या टोकाला गेली.

"मधे मी राहणार होतो ना?" सरांनी विचारलं.

"तुझी आता तिथे गरज नाही," बर्निसबाई म्हणाल्या.

डिसेंबरात मोठा बर्फ पडला. सरांच्या डोळ्यावर पट्टी होती. एका सकाळी धाडकन आवाज झाला आणि सर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे धावले. बर्फाची गाडी पुढे निघून जात होती. खांब मोडून पडला होता, अगदी नियमात लिहिल्याप्रमाणे. सरांनी कोट ओढला आणि एक बूट घातला.

मग एका डोळ्याने त्यांना दिसलं की गल्लीच्या तोंडाशी व्हर्जिल आणि बर्निसबाई आधीच पोचले आहेत. व्हर्जिलच्या हातात नवा खांब होता. म्हणजे त्याने तो आधीच करून ठेवला होता. बर्निसबाई नियमांचा कागद त्याच्या नाकासमोर नाचवत होत्या. तो ओरडत होता, त्याही ओरडत होत्या, आणि आवाज बंद खिडकीतून घरात येत होता. पेटी चव्वेचाळीस इंचांवर की एकेचाळीस, आणि निवडणुकीत पाटी खरंच वाऱ्याने पडली की नाही, दोन्ही वाद एकदम चालले होते.

"मी जातो, समजावतो त्यांना," सर म्हणाले.

बाहेर व्हर्जिलने खिडकीकडे बोट दाखवून बर्निसबाईंना काहीतरी विचारलं. बर्निसबाईंनी जोरात मान हलवली आणि त्यांचं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. "अजिबात नको. लेलंडला कळूच देऊ नकोस!" व्हर्जिलनेही जोरात मान हलवली. या मुद्द्यावर दोघांचं पूर्ण एकमत झालं.

"बूट काढ," आर्डिस मागून म्हणाली. "आणि कॉफी घे."

सरांनी बूट काढला आणि खिडकीशी खुर्ची ओढून घेतली. गार होत चाललेली कॉफी हातात धरून ते एका डोळ्याने बराच वेळ बाहेर पाहत बसले.

"खांब वाकडा लावतायत," ते शेवटी म्हणाले.

"लावू दे," आर्डिस म्हणाली.